मनगट दुखत होतं, दुरुस्ती सीटची झाली

मी नाशिकला राहते. रविवारी सकाळी सायकलने त्र्यंबकेश्वरला जाऊन येते, साधारण साठ किलोमीटर. सायकल सरळ हँडलची हायब्रिड. गेल्या वर्षी अंजनेरी ओलांडली की डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. मनगट तर असं ठणकायचं की घरी आल्यावर लाटणं धरवत नसे.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "नेमकी कोणती बोटं?" अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटाच्या मधोमध जाणाऱ्या मीडियन नसेवर दाब असण्याची शक्यता जास्त. करंगळी आणि अनामिका म्हणजे बहुधा अल्नर नस. ती तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने, गायॉन कॅनॉल नावाच्या अरुंद वाटेतून जाते आणि हँडलवर भार टाकला की नेमकी तिथेच चेपते. त्यांनी काही दिवस सायकल बंद ठेवायला सांगितली, व्यायाम दिले आणि म्हणाल्या, "ताई, आता सायकलही कुणाला तरी दाखवा."

बाइक फिटिंग करणाऱ्या, म्हणजे सायकल अंगाच्या मापाला बसवून देणाऱ्या दादांनी सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर चढवली आणि मला पॅडल मारायला लावलं. मग म्हणाले, "हात हँडलवरून जरासे उचला, पाय थांबवू नका." मी हात उचलले आणि तशीच पुढे घसरले. म्हणजे धडाचा भार सीटवर नव्हताच, तळहातांवर होता. त्यांनी सीटवर लेव्हल (सपाटी तपासायची पट्टी) ठेवली तर टोक चांगलंच खाली झुकलेलं. अशा सीटवर माणूस सतत पुढे सरकत राहतो आणि स्वतःला हातांनी मागे रेटत राहतो. सीट सपाट केली, सीटखालच्या रेलवर (दांड्यांवर) थोडी मागे घेतली. मागे घेतली की पॅडलपर्यंतचं अंतर वाढतं, म्हणून उंची किंचित उतरवली. हात उचलायची तीच परीक्षा पुन्हा घेतली, तेव्हा मी जागची हलले नाही. हा बदल मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. जेलचे ग्लोव्हज आणि महागड्या ग्रिप्स यांच्या आधी हे तपासायला हवं. ग्लोव्हज मीही वापरत होते, त्यांनी बधिरपणा थोडा उशिरा यायचा, इतकंच.

त्यानंतर ब्रेकचे लिव्हर. ते जवळजवळ आडवे होते, त्यामुळे ब्रेकवर बोटं ठेवली की मनगट मागे मोडायचं. दादांनी एलन कीने क्लॅम्प सैल करून लिव्हर खाली फिरवले. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात एका रेषेत आला पाहिजे, हे त्यांचं माप. लिव्हरवरच्या बारीक स्क्रूने ते ग्रिपच्या जवळही आणले, कारण माझे हात लहान आहेत. बायकांना तयार सायकली घेताना ही अडचण हमखास येते आणि दुकानात कुणी आपणहून सांगत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

मग हँडल जवळ यावं म्हणून स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा, नव्वद मिलिमीटरच्या जागी सत्तरचा बसवला. सुरुवातीला हँडल जरा चपळ वाटलं, मग सवय झाली. बत्तीस मिलिमीटर रुंद टायरमध्ये मी ८५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरायची, माझ्या वजनाला ६० पुरते. सातपूरच्या खडबडीत पट्ट्यात हातांना बसणारे हादरे त्याने बरेच कमी झाले.

सगळे बदल एकदम केले नाहीत. आधी सीट, मग काही राइड्स, मग लिव्हर, शेवटी स्टेम, म्हणजे कशाचा गुण आला ते कळतं. करंगळीचा बधिरपणा आता येत नाही. लांबच्या राइडला मात्र दर काही मिनिटांनी पकड बदलते आणि कोपरं सैल ठेवते. हात ताठ असले की सगळा मार मनगटावर येतो. हात कायम बधिर राहत असेल किंवा पकडीतली ताकद कमी होत असेल तर मात्र फिटिंगच्या भरवशावर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

फिटिंग झाल्यावर क्रँकच्या (पॅडलचे दांडे फिरतात त्या जागेच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवलं आणि सीटपोस्टवर चिकटपट्टीची खूण केली. मध्यंतरी सर्व्हिसिंगहून सायकल आली ती सीट वर सरकवूनच. खूण होती म्हणून घरीच पाच मिनिटांत जागेवर आणली.