नेहमीच्या गिऱ्हाइकांनाच जुने दर का दिसत होते

गणेश चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात पुण्यातल्या मिठाईवाल्यांना मान वर करायला उसंत नसते. पेठेतल्या अशाच एका दुकानाच्या संकेतस्थळाची देखभाल नुकतीच माझ्याकडे आली होती. ते उभारले होते दुसऱ्या कोणी आणि सर्व्हरची मांडणीही त्यांचीच होती. नारळ महागल्यामुळे मालकांनी उकडीच्या मोदकांचे दर वाढवले आणि ते रात्रीच संकेतस्थळावर चढवले गेले. सकाळी दुकान उघडताच फोन सुरू झाले. ऑर्डर भरताना जुनीच रक्कम दिसते आणि शेवटचे बटण दाबले की ‘रक्कम जुळत नाही’ अशी लाल पट्टी येते, ही एकच तक्रार सगळ्यांची होती.

मालकांना सगळेच काका म्हणतात. ‘‘अहो, नव्या लोकांच्या ऑर्डरी नीट येतायत, नेहमीचीच माणसं ओरडतायत,’’ असे ते म्हणाले आणि निदानाच्या दृष्टीने त्या दिवसभरातले सर्वांत मोलाचे वाक्य तेच ठरले. सर्व्हरवरची फाइल चुकीची असती, तर तिने जुने गिऱ्हाईक आणि नवे गिऱ्हाईक असा भेद केला नसता. ज्यांनी पूर्वी कधीतरी हे पान उघडले होते त्यांनाच त्रास होत असेल, तर दोष त्यांच्याच यंत्रात साठून राहिलेल्या प्रतीत शोधायला हवा.

सर्व्हरची नोंदवही उघडली तेव्हा ते स्पष्टच दिसले. नाकारल्या गेलेल्या ऑर्डरींपैकी बहुतेकींच्या आधी ना पान मागितल्याची नोंद होती, ना दरांचा हिशेब करणारी जावास्क्रिप्ट फाइल मागितल्याची. थेट ऑर्डरच येऊन आदळत होती. नंतर गल्ल्यावरच्या संगणकावर क्रोममध्ये नेटवर्कची खिडकी उघडून पाहिली, तर पान आणि स्क्रिप्ट या दोन्हींपुढे 200 हा ‘सगळे ठीक’ सांगणारा आकडा होता, मात्र आकारमानाच्या रकान्यात ‘डिस्क कॅशे’, म्हणजे संगणकावरच साठवलेली प्रत, असे लिहिले होते. म्हणजे ब्राउझरने सर्व्हरला काही विचारलेच नव्हते. आपल्याजवळचीच प्रत काढून त्याने दाखवली होती.

त्याला तसे सांगितलेही होते. एनजिनएक्स या सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मांडणीत, प्रत किती काळ ताजी मानावी हे सांगणारी ‘एक्स्पायर्स’ ही सूचना 1 वर्षाच्या मुदतीने लिहिलेली होती आणि ती एखाद्या प्रकारच्या फाइलींपुरती नव्हे, तर संपूर्ण संकेतस्थळाला लागू होती. त्यामुळे प्रत्येक उत्तरासोबत ‘कॅशे-कंट्रोल’ या हेडरमध्ये, म्हणजे ब्राउझरसाठीच्या सूचनेच्या ओळीत, ‘मॅक्स-एज’ 31536000, म्हणजे 365 दिवसांचे सेकंद, जात होते. मुळात एक वर्ष हा आकडा जुनाच आहे. 1999 च्या आरएफसी 2616 या वेबच्या नियमांच्या दस्तऐवजात सर्व्हरने याहून पुढची मुदत देऊ नये असे म्हटले होते. चित्रांना किंवा कधीही न बदलणाऱ्या फाइलींना वर्षाची मुदत देणे योग्यच आहे. पण खुद्द एचटीएमएल पानाला ती दिली की हातातली दोरी सुटते, कारण स्क्रिप्टचे नाव बदलून नवी फाइल घ्यायला लावण्याचा जो हुकमी उपाय आहे, तो ज्या पानातून सांगायचा तेच पान ब्राउझर मागत नाही. एकदा दिलेली मुदत सर्व्हरला परत घेता येत नाही. ब्राउझरने विचारले तरच सर्व्हर उत्तर देऊ शकतो.

‘‘मग ती सूचना काढूनच टाका ना,’’ असे काकांनी सुचवले. तेही पुरेसे नव्हते. मुदत सांगितलीच नाही, तर ब्राउझर स्वतः अंदाज बांधतो: फाइल शेवटची बदलून जितका काळ लोटला असेल, त्याच्या साधारण 10 टक्के काळ ती ताजी मानायची, असा अंदाज आरएफसी 9111 मध्येही नोंदलेला आहे. म्हणून गप्प राहण्यापेक्षा स्पष्ट सांगणे केव्हाही चांगले, असे माझे ठाम मत आहे.

वाट सापडली ती त्या लाल पट्टीत. जुनी स्क्रिप्ट सर्व्हरकडून आलेला मजकूर जसाच्या तसा दाखवत होती आणि ऑर्डर पाठवताना का होईना, सर्व्हरशी बोलत होती. तेव्हा जुन्या दराची ऑर्डर आली की ‘दर बदलले आहेत, कृपया हे पान रीलोड करून पुन्हा ऑर्डर द्या’ हा मजकूर पाठवायचे ठरवले. रीलोड केल्यावर ब्राउझर मुख्य पानाची सर्व्हरकडे चौकशी करतो, नवे पान येते आणि त्यात नव्या नावाची स्क्रिप्ट असते. काहींच्या फोनमध्ये जागा कमी पडल्यामुळे स्क्रिप्ट पुसली गेलेली, पण पान मात्र शिल्लक, असेही होऊ शकते. म्हणून जुन्या नावाखालीही नवीच फाइल ठेवली.

मग मांडणी नीट लावली. पानांना ‘नो-कॅशे’ दिले. म्हणजे प्रत साठवायची, पण वापरण्याआधी दर वेळी विचारायचे, आणि पान बदललेले नसेल तर सर्व्हर 304 एवढेच सांगून मोकळा होतो, पूर्ण पान पुन्हा पाठवत नाही. मोदक-पेढ्यांच्या चित्रांना 30 दिवस दिले. ज्या स्क्रिप्ट आणि स्टाइलच्या फाइलींच्या नावातच आतल्या मजकुरावरून काढलेला हॅश, म्हणजे ओळखीचा संकेत, असतो, त्यांना वर्षाची मुदत ‘इम्युटेबल’ (ही फाइल बदलणारच नाही) या शब्दासह दिली; मजकूर बदलला की नावच बदलते, त्यामुळे तिथे वर्षाचे भय नाही. हे करताना एनजिनएक्सची एक खोड सांभाळावी लागते. आतल्या विभागात ‘ॲड-हेडर’ लिहिले की बाहेर लिहिलेली तशीच हेडर तिथे लागू होत नाहीत, त्यामुळे सुरक्षेची हेडर आतही पुन्हा लिहिली आणि प्रत्येक प्रकारची एकेक फाइल कर्ल या फाइली मागवण्याच्या साधनाने मागवून उत्तरे तपासली.

दुपारनंतर फोन थांबत गेले. सकाळी ज्यांची ऑर्डर नाकारली गेली होती त्यांना काकांनी जुन्याच दराने मोदक दिले. पडद्यावर दिसलेला दर हा दुकानाने दिलेला शब्द आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि मला ते पटले.

नोंदवहीत पान न मागता आलेल्या ऑर्डरी त्यानंतरही अधूनमधून दिसत राहिल्या. दुरुस्तीच्या काही मिनिटे आधी एखाद्याने ते पान प्रथमच उघडले असेल, तर त्याच्याकडची प्रत पुढच्या वर्षीच्या त्याच दिवसापर्यंत ताजी मानली जाणार होती. म्हणून जुना दर ओळखून सूचना देणाऱ्या त्या ओळी मी सर्व्हरवर तशाच ठेवल्या आणि दुरुस्तीपासून पूर्ण वर्ष उलटेपर्यंत त्या काढू नयेत, असे तारखेसह त्यांच्या वर लिहून ठेवले.