आमची वाटचाल: जुन्नरच्या डोंगरांतला आठ सायकलींचा धंदा

आमच्या व्यवसायाविषयी ऐकणारा माणूस पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो, ती म्हणजे एका सहलीत आठच सायकली का. जुन्नर तालुक्यातील लेणी, किल्ले, जुनी मंदिरे आणि घाटमाथ्यावरच्या वाटा सायकलवरून निवांतपणे दाखवणे हे आमचे काम आहे आणि आठ हा आकडा आम्ही त्या कामातूनच काढलेला आहे. लेण्याद्रीच्या सहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या लेण्यात, उभे राहून साध्या आवाजात बोलले तर आठ जणांना नीट ऐकू जाते. माणसे पंधरा झाली की सांगणाऱ्याला आवाज चढवावा लागतो, तो त्या दगडी छताखाली घुमतो आणि मग कोणालाच काही कळत नाही. गावातल्या एका घराच्या पडवीत आठ अंथरुणे मावतात. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तर आठ सायकली झटकन कडेला होतात. हे हिशेब ज्यांनी कधी केलेच नाहीत, त्यांनी आम्हांला ‘धंदा वाढवायला घाबरणारे’ म्हटले, आणि त्यांच्याविषयी मी पुढे सविस्तर लिहिणार आहे.

सुरुवातीला आम्ही दोघे होतो. मी मार्ग आखायचो आणि माहिती सांगायचो, तर सायकलींचे सारे काम आमच्या मिस्त्रींकडे होते. तासावर सायकली भाड्याने देण्याचे दुकान त्यांनी उमेदीची सगळी वर्षे चालवले होते आणि गावात मोटारसायकली वाढल्यावर ते बंदही केले होते. मी पहिल्या भेटीत त्यांना चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलींची छायाचित्रे दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, “फ्रेम तडकली तर घाटघरला कोण जोडून देणार?” पोलादी फ्रेम कोणत्याही गावातला वेल्डर जोडून देतो, हे त्यांचे म्हणणे मी तेव्हाच मान्य केले. मागच्या चाकाला ३६ स्पोक, पुढच्या सगळ्यांत लहान चक्राला २८ दाते आणि मागच्या सगळ्यांत मोठ्याला ३४, हा हिशेब त्यांचाच. चढावर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा पूर्ण फेरा होऊ नये, म्हणजे साठीचा माणूसही बोलत बोलत चढतो, असे ते सांगतात. मागे फ्रीव्हीलऐवजी (म्हणजे हबवर, चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी बसणाऱ्या दातेरी चक्रांच्या गठ्ठ्याऐवजी) कॅसेटचे हब घेण्याचा आग्रहही त्यांनीच धरला. कॅसेटमध्ये चक्रे हबवर नुसती सरकवून बसवतात. अनेक चक्रांच्या फ्रीव्हीलमध्ये उजव्या बाजूचे छर्रे फार आत पडतात, एक्सलचा बाहेरचा भाग आधाराविना राहतो आणि आमच्याकडच्या खड्ड्यांत तो वाकतो.

शांत सहल वर्कशॉपमध्ये तयार होते, ही गोष्ट ग्राहकांना दिसत नाही. करकरणारा ब्रेक, खडखडणारे मडगार्ड आणि उतारावर टकटकणारे हब घेऊन निघालेल्या माणसाला ओढ्याचा आवाज कुठून ऐकू येणार? मिस्त्री ब्रेक लावताना रबराचे पुढचे टोक रिमला मागच्या टोकापेक्षा केसभर आधी टेकेल असे बसवतात, त्यामुळे करकर बंद होते. मडगार्डच्या प्रत्येक पट्टीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा असतो. हबच्या आतले खटके थोडे दाट ग्रीस भरले की गप्प होतात, पण ते फार दाट झाले तर थंडीच्या सकाळी खटके चिकटतात आणि पायडल रिकामे फिरते, म्हणून ते ग्रीस ते स्वतःच्या हाताने भरतात, दुसऱ्या कोणाला भरू देत नाहीत. चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना येणारा वाकडेपणा, काढतानाही ते आधी कानाने काम करतात. एका बाजूच्या सगळ्या तारा, म्हणजे स्पोक, बोटाने छेडून पाहतात, ज्या तारेचा सूर पडलेला लागतो तिचे निपल, म्हणजे रिमकडच्या टोकाची चकती-नळी, पाव फेरा आवळतात आणि मगच चाक स्टँडवर चढवतात. त्यांचा डंबेल पाना त्यांच्या पहिल्या दुकानातला आहे, त्याचे अर्धे खाचे झिजून गोल झालेले आहेत आणि तरीही तो हत्यारांच्या पेटीत सगळ्यांत वर असतो.

सायकल वापरणाऱ्या वाचकांना येथे दोन गोष्टी सांगून ठेवतो. चेन दर महिन्याला फुटपट्टीने मोजावी. पिनेपासून पिनेपर्यंत १२ इंचांचे माप घ्यावे आणि ते १/१६ इंचाने वाढले की चेन बदलावी, नाहीतर ती कॅसेटही खाते आणि एका खर्चाचे दोन खर्च होतात. बाभळीचा काटा काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. बोटाला न लागणारे टोक कापसाला अडकते. नवी ट्यूब घालून पुन्हा तिथेच पंक्चर झालेली माणसे आम्ही फार पाहिली आहेत, आणि त्यांतली बरीचशी महागड्या सायकलींवर होती.

आमचा मुख्य मार्ग पहिल्या दिवशी जुन्नरच्या आसपास फिरतो. लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढून चैत्यगृह आणि सातव्या लेण्यातला गिरिजात्मज पाहायचा, मग तुळजालेण्यातले वर्तुळाकार चैत्यगृह, आणि ऊन उतरल्यावर हापूसबागेजवळचा सौदागर घुमट, जो पाहिल्यावर जुन्नर एकेकाळी निजामशाहीची राजधानी होते हे वेगळे सांगावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी आपटाळ्यावरून चावंड किल्ल्याच्या पायथ्याने निघून, कुकडी नदीच्या उगमाजवळचे कुकडेश्वराचे कोरीव मंदिर पाहून घाटघर आणि नाणेघाट गाठायचा. माळशेजचा रस्ता रुंद आणि देखणा असला तरी तो राष्ट्रीय महामार्ग ६१ आहे, त्यावर मालाचे ट्रक चालतात, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी आम्ही तिकडे सायकल नेत नाही.

या मार्गावर आमच्याबरोबर दर वर्षी येणाऱ्या एक गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत, ज्यांना आम्ही सगळे नुसते ‘बाई’ म्हणतो. बाईंना किल्ल्यांचे फारसे आकर्षण नाही. त्या नाणेघाटाच्या लेण्यातील नागणिकेच्या ब्राह्मी लेखातले आकडे पाहायला येतात. सातवाहन राणीने यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नावाची नाणी यांची मोजदाद त्या लेखात आहे आणि भारतात दगडावर कोरलेल्या सर्वांत जुन्या अंकांमध्ये ते अंक गणले जातात. त्यांत शून्य नाही आणि स्थानाप्रमाणे किंमत बदलण्याची रीतही नाही. शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी, आणि हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडली की चार हजार. बाईंनी हे पहिल्या वर्षी बाकीच्या सात जणांना घाटातल्या धुळीवर काडीने लिहून इतके स्वच्छ समजावले की तेव्हापासून त्या लेण्यात मी बोलत नाही. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे, तेवढा मात्र त्या माझ्यासाठी सोडतात.

पहिली वर्षे बरी गेली, त्यांत सांगण्यासारखे फारसे काही नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि सगळेच थांबले. त्याविषयी आमची तक्रार नाही, कारण ते संकट सगळ्यांवर सारखे आले होते. आमच्यावर वेगळे संकट आले ते टाळेबंदी उठल्यावर. शहरांतल्या माणसांनी एकाएकी सायकली घेतल्या, नव्या सायकली मिळेनाशा झाल्या, चेन आणि कॅसेटसाठी आम्हांला महिनोन्‌महिने थांबावे लागले, आणि लग्नसमारंभांची कामे बंद पडलेल्या एका शहरी संस्थेला सायकलचा शोध लागला. त्या संस्थेचा एक माणूस आमच्या सहलीला साधा ग्राहक म्हणून आला, घड्याळात सगळा मार्ग नोंदवून घेऊन गेला, आणि पुढच्या हंगामात त्यांनी जाहीर केलेला ‘स्वतः शोधलेला’ मार्ग आमच्याच मार्गावर तंतोतंत बसत होता. योगायोग असेल असे कोणी म्हणू नये. त्या मार्गावर एका बांधाअलीकडे आम्ही डावीकडे वळून एका वस्तीला वळसा घालत असू, कारण तिथे एक आजारी म्हातारबाबा अंगणात झोपायचे आणि कुत्री भुंकली की त्यांची झोप मोडायची. वळशाचे हे कारण आमच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. नकाशावर तो वळसा निव्वळ निरर्थक दिसतो, आणि तो त्यांच्या मार्गातही जसाच्या तसा होता.

मार्ग कोणाच्या मालकीचा नसतो, हे मलाही मान्य आहे. मला राग आहे तो त्या मार्गावर त्यांनी जे केले त्याचा. साठ-सत्तर सायकलस्वार, पुढे ध्वनिक्षेपक लावलेला टेम्पो, मागे पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो, आकाशात ड्रोन आणि शेवटी गळ्यात पदक. संरक्षित स्मारकांवर ड्रोन उडवायला परवानगी लागते, हे त्यांना सांगणारे आम्हीच होतो आणि त्याबद्दल ‘जळतात’ असे ऐकून घेणारेही आम्हीच. त्यांची फेरी पहाटे चारला सुटायची. आमचा तालुका बिबट्यांचा आहे, बिबटे उसात राहतात, माणिकडोहला त्यांच्यासाठी वेगळे निवारा केंद्र आहे, आणि म्हणून सूर्य उगवल्याशिवाय आम्ही सायकल रस्त्यावर आणत नाही, मग ग्राहक कितीही कुरकुरोत. इथला शेतकरी रात्री पाणी द्यायला जाताना हातात काठी आणि बॅटरी घेऊन जातो, त्याच वाटेवर हे लोक अंधारात माणसांना एकेकटे मागे सोडून जात होते. आणि या सगळ्याची किंमत आमच्या निम्मी होती, कारण ज्या घरांत त्यांची माणसे जेवली त्या घरांचे पैसे ते ‘पुढच्या फेरीला’ देणार होते.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर वाटेवरच्या एका गावाने निर्णय घेतला की यापुढे सायकलवाल्यांना गावातून जाऊ द्यायचे नाही. देवळाच्या कुंडात बाटल्या सापडल्या होत्या आणि बोळात अडकलेल्या टेम्पोमुळे बाळंतिणीला नेणारी जीप खोळंबली होती. गावाचे काहीच चुकले नव्हते, पण त्या निर्णयात सायकलवाले म्हणजे आम्हीही आलो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच आमचा हंगाम. ऐन तोंडावर मुख्य मार्ग बंद, आगाऊ घेतलेले पैसे परत केलेले, बँकेचा हप्ता डोक्यावर, अशा अवस्थेत आम्ही सायकली विकायला काढल्या होत्या. गिऱ्हाईकही आले. मिस्त्रींनी त्याला सायकली दाखवल्या, चाके फिरवून दाखवली, आणि शेवटी सांगितले की या विकायच्या नाहीत. मला न विचारता सांगितले. त्या हंगामात त्यांनी पगार घेतला नाही, शाळेच्या पोरांच्या सायकली दुरुस्त करून वर्कशॉपचे भाडे भरले, आणि बाईंनी पुढच्या वर्षाचे सात जणांचे पैसे एकदम पाठवून खाली लिहिले की उरलेले विद्यार्थी त्या स्वतः गोळा करतील.

मी गावात गेलो तो पारावर बसायला. पहिल्या बैठकीत कोणी बोलले नाही, दुसऱ्या बैठकीत चहा आला. तिसऱ्या वेळी एका आजोबांनी विचारले, “तुमी किती जण असता?” मी आठ म्हणालो. ते म्हणाले, लिहून द्या. आम्ही लिहून दिले, की आठापेक्षा जास्त माणसे नाहीत, वाहन गावाबाहेर, जेवणाचे आणि मुक्कामाचे पैसे आदल्या दिवशी घरच्या बाईच्या हातात, आणि कचरा ज्याचा त्याच्या पिशवीत परत. तो कागद त्यांच्याकडेही आहे आणि आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवरही आहे. वाट उघडली ती फक्त आमच्यासाठी. या धंद्यात नव्याने येऊ पाहणाऱ्यांनी सायकली घेण्याआधी असा कागद मिळवावा, सायकली नंतरही मिळतात.

२०२५ मध्ये शिवनेरीसह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि आता इकडे येणाऱ्यांची संख्या वाढणार, हे उघड आहे. आम्हांला रोज विचारणा होते की आता तरी सायकली वाढवणार का. आम्ही दुसरा गट सुरू केला आहे, तोही आठांचाच, वेगळ्या वाराला, आणि त्याच्यामागे मिस्त्रींनी तयार केलेली एक मुलगी असते, जिला तारांचा सूर त्यांच्याइतकाच कळतो. ती संस्था अजून आहे, दुसऱ्या तालुक्यात फेऱ्या काढते आणि तिची वाकलेली चाके आऊट काढायला आमच्याकडेच येतात, कारण ते काम नीट करणारे जवळपास दुसरे कोणी नाही. मिस्त्री ती चाके बाकीच्यांसारखीच मन लावून करतात. पैसे मात्र आम्ही चाक हातात देण्याआधी मोजून घेतो.