आकडा नंतरचा, कफ पहिल्या आठवड्याचा

मी छातीच्या रुग्णांची फिजिओथेरपिस्ट. फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की घरचे विचारतात, "नंतर दम लागणार नाही ना?" त्याचं एक गणित असतं, अगदी शाळकरी. दोन्ही फुप्फुसांचे मिळून 19 भाग धरायचे. उजवीकडचा वरचा खंड काढला की त्यातले 3 जातात.

सध्या माझ्याकडे साताऱ्याकडचे एक काका आहेत, एसटीचे निवृत्त कंडक्टर. त्यांचाही हाच खंड काढायचाय. एफईव्ही-वन, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते त्याचं माप, अपेक्षेच्या 70 टक्के. गुणिले 16, भागिले 19, उरले 59. डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून वायू रक्तात किती उतरतो त्याचं माप, 62 वरून 52. दोन्ही 60 च्या वर राहिले असते तर पुढची तपासणी लागली नसती. आता जिना.

हे जिन्याचं प्रकरण मला फार आवडतं. इटलीचे सर्जन अलेस्सांद्रो ब्रुनेल्ली यांनी त्यावर बरंच काम केलंय. 22 मीटर चढलात तर धोका कमी. 12 मीटरही जमलं नाही तर सर्जन पुन्हा विचार करतात. 22 मीटर म्हणजे साधारण सात मजले. काका बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावून निघाले. पाचव्या मजल्यावर कठड्याला धरून म्हणाले, "मॅडम, डबल बेल मारा, त्याशिवाय गाडी हलायची नाही." मारली (तोंडानंच). सातवा गाठला.

पण 59 हा आकडा जखम भरल्यानंतरचा, काही महिन्यांनी दिसणारा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवशी दुखण्यामुळे खोल श्वास घेववत नाही, फुंकर त्याहून बरीच कमी भरते. आणि कफ अडकून फुप्फुसाचा भाग मिटणं, न्यूमोनिया, छातीत बसवलेल्या नळीतून (ड्रेन) हवा येत राहणं, हा ताप बहुतेक त्याच आठवड्यातला. म्हणून मी फाइल मिटून आधी खोकायला सांगते. काकांचा खोकला दमदार आहे, पण बिडीचा कफही भरपूर. छातीशी उशी घट्ट धरून खोकायचं आणि श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायच्या मशीनवर फुप्फुस फुलवायचं, दोन्हीचा सराव सुरू केलाय. शिकवायचं ते आधीच, दुखत असताना कोण शिकतो?

सोमवारी ऑपरेशन. मंगळवारी सकाळी खुर्चीत, संध्याकाळी ड्रेनची बाटली हातात देऊन वॉर्डात फेरी. मुलगा म्हणाला, "एवढ्यात? चार दिवस पडू द्या की त्यांना." म्हटलं, पडू द्यायचं नाही म्हणून तर मी आहे.