सहाही पॉवर सप्लाय एकदम गेले तो दिवस

ब्लेड सर्व्हरची चॅसी (अनेक पातळ सर्व्हर एकत्र बसवण्याची सामायिक पेटी) दुरून उभी करण्याच्या कामात बहुतेक वेळ कंटाळवाणा जातो आणि तो तसाच जावा अशी आम्हा मंडळींची इच्छा असते. पत्ता द्यायचा, पासवर्ड बदलायचा, फर्मवेअर एका पातळीवर आणायचे, ब्लेड एकेक करून चालू करायचे आणि कागदपत्रे भरून सारे पुढच्या चमूच्या ताब्यात द्यायचे, एवढाच तो क्रम. ज्या दिवसाबद्दल लिहितो आहे, त्या दिवशीही दुपारपर्यंत सगळे याच चाकोरीतून चालले होते. डेलची एम१०००ई जातीची चॅसी होती: १० यू (रॅकच्या उंचीची १० एकके) उंचीची, अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड सामावणारी, मागच्या बाजूला ९ पंखे आणि ६ पॉवर सप्लाय असलेली. चॅसी डेटा सेंटरमध्ये, मी माझ्या टेबलाशी आणि फोनवर तिथला एक तंत्रज्ञ, अशी आमची मांडणी होती.

या चॅसीचा सारा कारभार सीएमसी हा कंट्रोलर पाहतो. तो शक्यतो जोडीने बसवतात; एक काम करतो, दुसरा राखीव राहतो आणि पहिला पडला की त्याच पत्त्यावरून सूत्रे हाती घेतो. प्रत्येक ब्लेडवर स्वतःचा आयड्रॅक हा छोटा कंट्रोलर असतोच, पण पंखे किती वेगाने फिरवायचे, कोणत्या ब्लेडला किती वीज मंजूर करायची, एखादा ब्लेड मुळात चालू होऊ द्यायचा की नाही, हे निर्णय सीएमसीचे. सर्व्हर बंद असतानाही त्याच्याशी बोलता यावे ही सोय काही आजची नव्हे. इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी १९९८ मध्ये आयपीएमआय हे मानक मांडले, २००४ मध्ये त्याची दुसरी मोठी आवृत्ती आली आणि २०१५ पासून रेडफिश हे नवे मानक त्याची जागा हळूहळू घेते आहे. या साऱ्या परंपरेत कंट्रोलर स्वतंत्र असतो तो ऑपरेटिंग सिस्टिमपासून, विजेपासून नव्हे. ज्या पॉवर सप्लायवर तो लक्ष ठेवतो त्यांच्यावरच तो स्वतः जगतो, ही गोष्ट रोजच्या कामात सहज विसरली जाते.

चॅसीच्या पुढच्या एलसीडीवर तंत्रज्ञाने मी सांगितलेला पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे भरले. भरताना तो प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होता; ही सवय सगळ्यांना असती तर माझे निम्मे फोन वाचले असते. पत्ता लागताच रूट खात्याचा पासवर्ड बदलला, कारण कारखान्यातून येणारा ‘कॅल्विन’ हा पासवर्ड साऱ्या जगाला ठाऊक आहे आणि तो तसाच ठेवलेल्या चॅसी अजूनही भेटतात. त्यानंतर शेजारच्या रॅकमधल्या कन्सोल सर्व्हरवरून सीएमसीच्या सीरियल पोर्टला केबल लावून घेतली: १,१५,२०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. नेटवर्कवरून काम होत असताना ही केबल अनेकांना चैन वाटते. मला वाटत नाही. नेटवर्क गेले म्हणून शांतता आहे की यंत्रच गेले म्हणून, हे दुसरी वाट असल्याशिवाय दुरून सांगता येत नाही.

आयड्रॅकचे पत्ते स्लॉटच्या क्रमाने एका फटक्यात दिले गेले. एक ब्लेड चालू व्हायला नकार देत होता. त्यातले फायबर चॅनेलचे कार्ड ज्या फॅब्रिकमध्ये (ब्लेडमधले कार्ड आणि चॅसीमागचे मॉड्यूल जोडणाऱ्या मार्गात) बसवले होते तिथे मागे इथरनेटचे मॉड्यूल होते, म्हणून सीएमसीने त्याला वीजच नाकारली होती. ब्लेडवरचा दिवा दुरून लुकलुकता करून तो तंत्रज्ञाला ओळखवला आणि कार्ड योग्य जागी हलवून घेतले. असे प्रसंग इतके नेहमीचे असतात की त्यांची दखल घेण्याचे कारण नाही.

मग आली वीज. अशा चॅसीला दोन स्वतंत्र फीड, म्हणजे वीज येण्याच्या वाटा, देतात. रॅकच्या एका बाजूला ए फीडचा पीडीयू (वीज वाटणारी सॉकेटची पट्टी), दुसऱ्या बाजूला बीचा आणि प्रत्येकामागे वेगळे यूपीएस. पॉवर सप्लाय १ ते ३ एका फीडवर, ४ ते ६ दुसऱ्यावर. सीएमसीमध्ये ग्रिड रिडंडन्सीचे धोरण निवडले की एक बाजू पूर्ण गेली तरी उरलेले तीन पॉवर सप्लाय सारा भार पेलतील एवढीच वीज तो ब्लेडना वाटतो. धोरण लावले, ब्लेड चालू केले, पडद्यावर हिरव्या खुणेसह ‘रिडंडन्सी: पूर्ण’ असे आले. पण ‘रॅकॅडम गेटपीबीइन्फो’ ही आज्ञा दिली की विजेच्या हिशेबाखाली प्रत्येक पॉवर सप्लायचा इनपुट करंट आणि इनपुट व्होल्टेज दाखवणारा तक्ता येतो, आणि तो वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही. त्या तक्त्याने मला थांबवले.

पहिल्या पॉवर सप्लायवर २३१ व्होल्टच्या आसपास आकडा होता, दुसऱ्यावर २२८, तिसऱ्यावर २३०. हे स्वाभाविक होते, कारण प्रत्येकाला पीडीयूची वेगळी फेज दिलेली होती. मात्र चौथा, पाचवा आणि सहावा हेही त्याच क्रमाने २३१, २२८ आणि २३० दाखवत होते. दोन वेगळ्या यूपीएसच्या तीनही फेज एकमेकींशी इतक्या जुळाव्यात हे अशक्य नाही, पण डोळ्यांत भरण्याजोगे नक्कीच आहे. मी तीच आज्ञा थोड्या थोड्या अंतराने देत राहिलो. मध्येच दुसरा पॉवर सप्लाय २२५ वर उतरला आणि त्याच ओळींत पाचवाही उतरला. थोड्या वेळाने दोघे बरोबरच वर आले. पहिला, तिसरा, चौथा आणि सहावा जागचे हलले नव्हते. म्हणजे त्या डेटा सेंटरमध्ये कुठेतरी एका फेजवर मोठा भार चढला आणि उतरला होता, आणि त्याचा धक्का माझ्या तथाकथित दोन्ही फीडना सारखाच बसला होता.

याने काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळत होते. दोन्ही यूपीएस बायपासवर असतील, म्हणजे बाहेरची वीज तशीच पुढे सोडत असतील, तर दोन्हींच्या मागे बाहेरचा एकच पुरवठा उरतो आणि व्होल्टेज जोडीने हलू शकते. शिवाय पॉवर सप्लायमधले मापक प्रयोगशाळेतले नसतात. म्हणून तंत्रज्ञाला म्हटले, “दोन्ही यूपीएस आत्ता कशावर आहेत, एवढे शिफ्टच्या इंजिनिअरना विचारून सांगाल का?” उत्तर आले, दोन्ही यूपीएस नेहमीच्या पद्धतीनेच चालू आहेत, बायपासवर कोणीही नाही. आता संशयाला चाचणीवाचून उत्तर नव्हते.

चाचणी करायची म्हणजे ए फीडचा ब्रेकर पाडायचा आणि चॅसी बी फीडवर तगते का ते पाहायचे. प्रकल्प सांभाळणाऱ्या गृहस्थांचा याला विरोध होता आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर तो समजण्यासारखा होता. कंट्रोलर स्वतः पूर्ण रिडंडन्सी सांगतो आहे, वायरिंग करणाऱ्या कंत्राटदाराचा दोन्ही सॉकेट तपासल्याचा सही केलेला कागद आहे, मग जे चालले आहे ते मुद्दाम कशाला पाडायचे? माझे म्हणणे असे होते की सीएमसीला एवढेच दिसते की सहाही ठिकाणी वीज पोहोचते आहे. ती कुठून निघाली हे कळण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. एकाच टाकीला दोन नळ लावले तर दोन्हींना पाणी येणारच. कंत्राटदाराच्या कागदातही प्रत्येक सॉकेटवर व्होल्टेज मिळाल्याची नोंद होती. एक बाजू बंद असताना दुसरीवर ते मिळाल्याची नव्हती. ब्लेडवर अद्याप ऑपरेटिंग सिस्टिमही चढवलेली नव्हती, केवळ मेमरीची चाचणी चालू होती, तेव्हा वीज गेली तरी गमावण्यासारखे काही नव्हते. अखेर तेवढ्या मुद्द्यावर त्यांनी परवानगी दिली.

मी दोन खिडक्या उघड्या ठेवल्या, एकीत नेटवर्कवरून सीएमसी आणि दुसरीत कन्सोल सर्व्हरमार्गे तोच सीएमसी. तंत्रज्ञ रॅकजवळ आणि शिफ्टचे इंजिनिअर पॅनेलपाशी उभे राहिले. “साहेब, पाडतो आहोत,” असे तंत्रज्ञ म्हणाला, आणि त्याच्या मागून येणारा पंख्यांचा घोंघाट खाली खाली जात थांबला. दोन्ही खिडक्या जागच्या जागी गोठल्या. मी कन्सोल सर्व्हरचा स्वतःचा मेनू मागवला, तो लगेच आला. म्हणजे माझ्यापासून शेजारच्या रॅकपर्यंतची वाट शाबूत होती आणि मेला होता तो फक्त सीएमसी. फोनवर तंत्रज्ञ सांगत होता, “साहेब, सगळेच बंद झाले. चॅसी, वरचे दोन्ही स्विच, बी बाजूच्या पीडीयूचा आकडासुद्धा.”

मी त्याला म्हटले, “ब्रेकर लगेच वर करू देऊ नका. आधी बी पॅनेलवर या रॅकचा ब्रेकर कोणत्या स्थितीत आहे ते पाहून घ्या.” बीचा ब्रेकर चालू होता. म्हणजे बी पॅनेलमधून या रॅकच्या नावाने वीज निघत होती, पण रॅकपर्यंत येत नव्हती. इंजिनिअरांनी फरशी उचलली तेव्हा कोडे सुटले. बी असे ठळक लेबल लावलेल्या सॉकेटची केबल ए पॅनेलच्या त्याच ब्रेकरवर, ए सॉकेटच्या केबलशेजारी, जोडलेली होती. बी पॅनेलवरून आलेली खरी केबल थोड्या अंतरावर टोकाला टोपी घालून पडून होती आणि तिच्यावर कसलेही लेबल नव्हते. तिच्यात वीज होती, हे सांगायला नको. लेबलांवर विसंबून कोणी ती रिकामी समजून कापायला घेतली असती तर काय झाले असते, याचा विचार मी त्या वेळी केला नाही. इंजिनिअरांनी मात्र केला असावा, कारण तिचा ब्रेकर त्यांनी सर्वांत आधी पाडून कुलूपबंद केला.

वीज परत आल्यावर सीरियल खिडकीत सीएमसी उठताना दिसला. कामकाजाच्या नोंदी उघडल्या तर त्यांत पॉवर सप्लाय गेल्याची एकही ओळ नव्हती. एक फीड जाते तेव्हा तीन पॉवर सप्लायचे इनपुट गेल्याच्या नोंदी येतात, इशारे सुटतात, रिडंडन्सी गेल्याचे कळते. इथे लिहिणाऱ्याचीच वीज तोडली गेल्याने शेवटची नेहमीची नोंद आणि त्यानंतर थेट पुन्हा सुरू झाल्याची नोंद, एवढेच होते. पुढे कधी कोणी केवळ या नोंदींवरून कारण शोधू लागला असता तर त्याला कंट्रोलर आपोआप रीसेट झाला असेच वाटले असते. प्रत्यक्षात फोन चालू होता म्हणूनच आम्हाला कारण मिळाले.

केबल खऱ्या बी पॅनेलवर आणल्यावर व्होल्टेजचा तक्ता पुन्हा मागवला. या वेळी ४ ते ६ चे आकडे १ ते ३ पेक्षा वेगळे होते आणि आपापल्या लयीत हलत होते. मग तीच चाचणी पुन्हा केली. ए फीड पाडताच पहिले तीन पॉवर सप्लाय शून्य व्होल्टवर गेले, उरलेल्या तिघांचा करंट प्रत्येकी २.१ अँपिअरवरून ४.३ वर चढला, रिडंडन्सी गेल्याचा इशारा मेलमध्ये येऊन पडला आणि एकाही ब्लेडची मेमरी चाचणी खंडित झाली नाही. उलट बाजूनेही तेच केले. मघाशी विरोध करणारे गृहस्थ हे पाहायला माझ्या टेबलाशी येऊन उभे होते. ते काही बोलले नाहीत; शेवटी फक्त त्या तक्त्याची एक प्रत त्यांनी मागून घेतली.

काम इथे संपले नाही, कारण त्याच ओळीत त्याच कंत्राटदाराने वायरिंग केलेल्या रॅकमध्ये आमची आणखी एक चॅसी होती आणि ती प्रत्यक्ष सेवेत होती. तिच्या सीएमसीवर तोच तक्ता काढला तर तिथेही जोड्या दिसल्या. तिथे ब्रेकर पाडून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. इंजिनिअरांनी फरशी उचलून केबलींचा माग काढला आणि तीच जोडणी सापडली. उपाय मात्र वेगळा करावा लागला. खऱ्या बी केबलचा ब्रेकर बंद ठेवून तिच्या टोकाला नवा सॉकेट बसवला, आणि मग बी पीडीयूचा प्लग खोट्या सॉकेटमधून काढून नव्यात लावायचा असे ठरले. मधल्या काळात सारा भार ए पीडीयूवर येणार होता, म्हणून सहाही पॉवर सप्लायचे करंट फेजनिहाय बेरजून तो पीडीयूच्या मर्यादेत बसतो याची आधी खात्री केली. ब्रेकरची चिंता नव्हती, कारण अजाणता का होईना, सगळा भार आधीपासून त्या एकाच ब्रेकरवर होता. डायनॅमिक पॉवर सप्लाय एंगेजमेंट ही, भार कमी असताना काही पॉवर सप्लाय झोपवणारी, सोय तात्पुरती बंद केली, म्हणजे प्लग निघताना एखादा पॉवर सप्लाय स्टँडबायमध्ये झोपलेला राहणार नाही.

रात्री वर्दळ कमी झाल्यावर प्लग हलवला. सीएमसीने तीन पॉवर सप्लाय गेल्याची आणि परत आल्याची नोंद केली, सेवेला धक्का लागला नाही. ए पॅनेलवरचा खोटा सॉकेट काढून टाकायला पुढच्या नियोजित देखभालीपर्यंत थांबावे लागणार होते. तोवर त्यावर लाल पट्टी लावून ठेवली. कंत्राटदाराशी पुढे काय बोलणे झाले ते माझ्यापर्यंत आले नाही. आमच्याकडच्या हस्तांतरणाच्या कागदात मात्र ‘रिडंडन्सी: पूर्ण’ या एका ओळीच्या जागी आता एकेक फीड बंद असतानाचे सहाही पॉवर सप्लायचे व्होल्टेज आणि करंट भरावे लागतात, आणि ते रकाने रिकामे असतील तर मी सही करत नाही.