नंतर बघू

फोनवर अपडेटची सूचना येते तेव्हा तिच्याखाली बहुतेक वेळा दोनच बटणं असतात. एक ‘आता इन्स्टॉल करा’ आणि दुसरं ‘नंतर’. ‘नको’ असं बटण कुणी देत नाही. माणूस मुळातच नंतरवाला, त्यामुळे बोट आपसूक दुसऱ्या बटणाकडे वळतं. बरं, ही सूचना उगवते तरी कधी? पैसे पाठवताना, तिकीट काढताना, नाहीतर बॅटरी शेवटच्या घटका मोजत असताना. नंतर म्हणायचं कारणही ती स्वतःच सोबत घेऊन येते.

त्यात मजकूर असा, की ‘काही दोष दूर केले आहेत व कार्यक्षमता सुधारली आहे.’ इतकं निरस वाक्य सरकारी परिपत्रकातही शोधावं लागेल. एवढ्यासाठी भला मोठा डाउनलोड करायचा आणि फोन बंद-चालू होताना त्याच्याकडे बघत बसायचं, हे कुणाला पटणार?

गंमत म्हणजे खरी हकीकत लिहिलेली असते, फक्त ती आपल्यापर्यंत आणायची तसदी कुणी घेत नाही. ॲपल आपल्या अपडेटमधल्या सुरक्षा-दुरुस्त्यांची यादी संकेतस्थळावर टाकतं. प्रत्येक दोषासमोर त्याचा सीव्हीई क्रमांक, म्हणजे जगभर तोच राहणारा ओळखक्रमांक, असतो. दोषांना असे क्रमांक द्यायची पद्धत १९९९ पासून चालू आहे. एकदा ती यादी वाचून पाहावी. मुद्दाम बिघडवलेलं चित्र उघडलं तर परका कोड चालू शकत होता, असं तिथे शांतपणे लिहिलेलं असतं. चित्र उघडलं तर! आणि कधी कधी त्याखाली आणखी एक वाक्य येतं. हा दोष प्रत्यक्षात वापरला गेला असावा, अशी माहिती कंपनीला मिळालेली आहे. कंपन्यांच्या भाषेत याहून मोठ्याने ओरडता येत नसावं. मला विचाराल तर सूचनेत हेच वाक्य ठळक अक्षरांत टाकावं. तिकीट बाजूला ठेवून लोक आधी अपडेट घेतील.

कारण ‘नंतर’मध्ये एक गोम आहे. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं हेही जाहीर होतं. हल्ला करणाऱ्याने दुरुस्तीआधीची जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी शेजारी उघडायच्या आणि फरक बघायचा. एका जागी प्रोग्रॅमच्या दोन-चार ओळी वाढलेल्या दिसतात. आलेल्या माहितीची लांबी ठरलेल्या जागेत मावते का, एवढंच त्या तपासतात. म्हणजे कालपर्यंत इथे तपासणी नव्हती! मग ज्यांनी अजून अपडेट घेतलेलं नाही त्यांच्याकडे जागेत न मावणारी माहिती पाठवायची आणि तिच्या आडून आत शिरायचं. दोष शोधायला मूळ संशोधकाला कदाचित महिने लागले असतील. ही उत्तरपत्रिका मात्र फुकट हातात पडते. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या सोडतं, आणि या धंद्यातली माणसं त्यानंतरच्या बुधवाराला थट्टेने ‘एक्स्प्लॉइट वेन्सडे’, म्हणजे गैरफायद्याचा बुधवार, म्हणतात. थट्टा थोडीच, बाकी सगळं खरं.

संगणकातल्या फाइल कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या वॉनाक्रायची गोष्ट आता जुनी झाली, पण तारखा अजून बोलक्या आहेत. विंडोजमधल्या ज्या भोकाचा त्याने फायदा घेतला त्याची दुरुस्ती आली १४ मार्च २०१७ ला. त्यातून शिरणारं खंडणीखोर व्हायरस-प्रकरण उसळलं १२ मे २०१७ ला. मध्ये जवळजवळ दोन महिने. तरीही ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांना अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या आणि दीडशेच्या आसपास देशांत संगणकांच्या पडद्यावर पैशांची मागणी झळकली. मायक्रोसॉफ्टला तर विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली, आणि एक्सपीला तिने २०१४ मध्येच रामराम ठोकला होता.

आता फक्त आपल्यालाच आळशी ठरवणं अन्याय होईल. आपल्यापर्यंत यायच्या आधी अँड्रॉइडची दुरुस्ती किती जणांच्या ‘नंतर’मधून पार होते, ते बघा. गूगल दुरुस्ती तयार करतं. चिप बनवणारी कंपनी आपल्या भागाची दुरुस्ती देते. फोन बनवणारी कंपनी ते सगळं आपल्या रंगरंगोटी केलेल्या आवृत्तीत बसवते, आपल्या शंभर मॉडेलांपैकी कुठल्या मॉडेलांना द्यायचं ते ठरवते, चाचण्या घेते. काही ठिकाणी मोबाइल सेवा देणारी कंपनीही मध्ये तपासणी करते. महिन्याची दुरुस्ती त्या महिन्यात मिळालेला फोन नशीबवान म्हणायचा. अँड्रॉइडमधल्या स्टेजफ्राइट नावाच्या दोषाचं प्रकरण गाजल्यावर ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दरमहा दुरुस्त्यांचं पत्रक काढायला सुरुवात केली. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर सिस्टीमचे काही भाग प्ले स्टोअरच्या वाटेने थेट बदलायची सोय केली, म्हणजे निदान तेवढ्यासाठी मधल्या मंडळींची वाट बघायला नको. आयफोनवाल्यांना ही साखळी माहीत नाही, कारण तिथे सगळं एकाच घरचं. पण त्यांनाही २०११ मध्ये आयओएस ५ येईपर्यंत अपडेटसाठी फोन केबलने संगणकाला जोडावा लागायचा, हे आता कुणाला आठवत नाही.

एका बाबतीत मात्र हात जोडावेत अशी कारागिरी आहे. पूर्वी अपडेट चालू असताना फोन तेवढ्यापुरता निकामी व्हायचा. पडद्यावर ‘ॲप्स ऑप्टिमाइझ होत आहेत’ आणि अमुकपैकी तमुक असा आकडा हळूहळू सरकायचा. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून दुहेरी जागेची युक्ती आली. ज्या फोनमध्ये ती आहे त्यात सिस्टीमच्या दोन प्रती राहतात. आपण एकीवर काम करत असतो, तेव्हा मागच्या मागे दुसरीत नवी आवृत्ती लिहिली जाते. रीस्टार्ट म्हणजे फक्त या प्रतीवरून त्या प्रतीवर उडी. नवी उभी राहिली नाही तर फोन निमूटपणे जुनीवर परततो. नवी प्रत उघडायच्या आधी तिच्यावरची डिजिटल सहीही तपासली जाते. ती सही करायची किल्ली फक्त कंपनीकडे असते. फोनकडे ती ओळखण्यापुरती जोडकिल्ली. एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही.

ही सही किती मोलाची ते २०१२ मध्ये फ्लेम नावाच्या हेरगिरीच्या प्रोग्रॅमने दाखवलं. सहीसाठी फाइलचा ठसा काढायच्या जुन्या, कच्च्या ठरलेल्या एमडी५ पद्धतीतल्या त्रुटीचा फायदा घेऊन त्याने मायक्रोसॉफ्टची वाटावी अशी सही तयार केली आणि खुद्द विंडोज अपडेट असल्याची बतावणी करत तो संगणकांत शिरला. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या या विध्वंसक व्हायरसने तर सहीच्या भानगडीतही न पडता युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरचं अपडेट आतूनच नासवलं. ज्यांनी शहाण्यासारखं लगेच अपडेट घेतलं, तेच आधी बुडाले. अशा वेळी नंतरवाल्यांना मिशांवर ताव द्यायला जागा मिळते, हे मान्य करावं लागेल.

तशीच जागा १९ जुलै २०२४ ला मिळाली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडल्याच्या निळ्या पडद्यावर आणून उभे केले. विमानं जमिनीवर, रांगा दाराबाहेर. कंपनीने फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली होती, पण पडलेला संगणक नवी फाइल घेणार कशी? मग कुणीतरी एकेका संगणकापाशी जायचं, तो सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर, चालू करायचा, ती फाइल शोधून हाताने पुसायची आणि पुढच्या संगणकाकडे वळायचं. ढगातून आलेलं संकट निस्तरायला शेवटी पायी फिरावं लागलं. थोड्याजणांना आधी द्या, काही बिघडत नाही ना ते पाहा, मग बाकीच्यांना द्या, हा टप्प्याटप्प्यांचा शिरस्ता त्या फाइलला लावलेला नव्हता.

म्हणून माझा नियम सोपा आहे. सुरक्षेची छोटी दुरुस्ती आली की त्याच रात्री. सगळं रूपडं बदलणारी मोठी आवृत्ती आली की खुशाल ‘नंतर’. पंधरा दिवस इतरांना ठेचा लागू द्याव्यात. अडचण एवढीच, की कंपन्या या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच पुडीत बांधून देतात. भोक बुजवायला जावं तर बटणांच्या जागा बदललेल्या, अक्षरं गोल झालेली, आणि न मागितलेला कुणी मदतनीस कोपऱ्यात हजर. लोकांचा विश्वास उडाला तो यामुळे. २०१६ मध्ये ‘विंडोज १० घ्या’ म्हणणाऱ्या चौकटीतली फुली दाबून लोक ती बंद करायला गेले, तर ठरलेल्या वेळच्या अपग्रेडला तो होकार समजला गेला. जुनी बॅटरी असलेल्या आयफोनचा वेग अपडेटनंतर कमी केला जातो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं, तेही बोभाटा झाल्यावर. इतकं झाल्यावर सामान्य माणूस ‘आता राहू दे’ म्हणाला तर त्याचं फार चुकलं असं म्हणवत नाही.

आणि मग एक दिवस सूचना येणंच बंद होतं. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा निदान आधी दवंडी पिटली गेली होती. फोनच्या बाबतीत बहुतेकदा तेवढंही होत नाही. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षं अपडेट द्यायचं वचन दिलं, पण पुष्कळशा स्वस्त फोनांच्या वाट्याला त्याच्या निम्मी वर्षं आली तरी पुष्कळ. असा टाकून दिलेला अँड्रॉइड फोन हाती लागला तर सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट तपासावं. गोल थोडा वेळ फिरतो, बरोबरची खूण येते आणि ‘तुमची सिस्टीम अद्ययावत आहे’ असं लिहून येतं. शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख मात्र चार वर्षांपूर्वीची. वाक्य खोटं नाही. या फोनला द्यायला कंपनीकडे याहून नवं काही नाही, एवढाच त्याचा अर्थ.