चोवीस पटींचा मोह

रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण, म्हणजे स्कोप, पहिल्यांदा घेतला तो आकडा बघून. ६-२४×५०, म्हणजे सहा ते चोवीस पट आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. चोवीस पट मोठं दिसणार म्हटल्यावर पुढचं काही विचारलंच नाही. माझी रायफल थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे चांगला दणका देणाऱ्या काडतुसाची, आणि शिकार दाट झाडीतली. दीडशे मीटरपलीकडे नेम धरायची वेळ तिथे क्वचितच येते. हे ठाऊक असूनही घेतला.

पहिल्याच पहाटे, उजाडायच्या जरा आधी, साठ मीटरवर रानडुक्कर आलं. रेंजवरून, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावरून, आल्यापासून स्कोप चोवीसवरच राहिला होता. डोळा लावला तर नुसता काळपट केसांचा पडदा. खांदा की मांडी, काही उमगेना. पट कमी करेपर्यंत ते झाडीत शिरलं. गोळी झाडली नाही, तेवढी अक्कल शाबूत होती.

घोळ भागाकाराचा होता. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ५० भागिले २४, म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, वयाबरोबर कमी. म्हणजे माझा डोळा सताड उघडा आणि स्कोप सुईच्या नेढ्यातून उजेड पाठवतोय! सुटा स्कोप हातभर लांब धरून उजेडाकडे करून मागून बघा, हा झोत गोल ठिपक्यासारखा दिसतो. पट वाढवत गेलात की तो आक्रसत जातो. हे पाहिल्यावर मला कुणी समजवावं लागलं नाही.

दुसरा धडा भुवईवर मिळाला. मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवल्यावर पूर्ण चित्र दिसतं, त्याला आय रिलीफ म्हणतात. माझ्या स्कोपमध्ये पट वाढवली की हे अंतर घटायचं, म्हणून मान नकळत पुढे जायची. चढावर झोपून गोळी झाडली, रायफल मागे आली आणि स्कोपची कड भुवईत रुतली. दोन टाके पडले. अशा दणक्याच्या रायफलीला ९ सेंटिमीटरच्या आसपास आय रिलीफ हवाच, आणि तोही सगळ्या पटींवर जवळपास तेवढाच.

नवा घ्यायचा ठरला तेव्हा मला रायफल शिकवणारे काका म्हणाले, "काच दुपारी बघू नकोस. दुपारी सगळ्याच चांगल्या दिसतात." म्हणून तीन स्कोप संध्याकाळी, रायफलीवर न चढवता, एकाच पटीवर ठेवून लांबच्या झाडाच्या सालीवर रोखले. पहिली पंधरा मिनिटं फरक शून्य. मग एकातली साल सपाट झाली, दुसऱ्यात कडेला जांभळी झालर दिसायला लागली, तिसऱ्यात मात्र भेगा अजून मोजता येत होत्या. बराचसा खेळ भिंगांवरच्या लेपाचा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, आणि स्कोपमध्ये असे पृष्ठभाग बरेच असतात. सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप आहे का, एवढं विचारून घ्या.

निवडला तो ३-९×४०. क्रॉसहेअर, म्हणजे नेमाच्या आडव्या-उभ्या रेषा, साधं, बाहेरून जाड आणि मध्ये बारीक. खुणांची झाडं असलेली रेटिकल, म्हणजे नेमाच्या रेषांची आकृती, मी टाळली. पट बदलली तरी रेषांची जाडी तीच राहते अशा, म्हणजे सेकंड फोकल प्लेनच्या स्कोपमध्ये, त्या खुणांची मापं एकाच ठरलेल्या पटीवर खरी असतात. ऐन वेळी ते कोण लक्षात ठेवणार? नळीत नायट्रोजन भरलेला आहे, आतून धुकं धरत नाही.

काचेइतकीच महत्त्वाची आतली यंत्रणा. नेम सरकवायच्या खुंट्या क्लिक-क्लिक फिरतात, आणि त्यांचं माप एमओएत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात असतं. १०० मीटरवर पाव एमओएची एक क्लिक गोळी साधारण ७ मिलिमीटर सरकवते. रायफल टेकवून एकाच बिंदूवर नेम धरायचा. एक गोळी, मग २० क्लिक वर, गोळी. २० उजवीकडे, गोळी. २० खाली, गोळी. २० डावीकडे, शेवटची गोळी. कागदावर चौकोन उमटून शेवटचं भोक पहिल्यापाशी यायला हवं. नव्या स्कोपने चौकोन पुरा केला. जुन्याचा चौकोन कधी मिटलाच नाही, आणि मी वर्षभर स्वतःच्या हाताला दोष देत होतो.

बसवण्यात काटकसर करू नका. स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगा शक्य तितक्या बुटक्या घेतल्या, म्हणजे गाल दस्त्यावर टेकला की डोळा आपोआप मध्यावर येतो. स्क्रू टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने, सांगितले तेवढेच आवळले. जास्त आवळले तर नळी चेपते. १०० मीटरला गोळी ४ सेंटिमीटर वर बसेल असा नेम जुळवला, म्हणजे झिरो केलं, आणि खुंट्यांची टोपणं लावून टाकली.

झाडीत शिरताना आता स्कोप ३ वर असतो. 'तिकडे काय हललं' ते बघायला गळ्यात दुर्बीण, रायफल नाही.

चोवीस पटींचा तो स्कोप मी फेकलेला नाही. तिपाईवर बसवलाय. रेंजवर कागदातली भोकं मोजायला फार छान आहे.