दोन दिवस चुकीच्या ड्राइव्हला शिव्या घातल्या

लॅपटॉप जुना झालाय, हार्ड डिस्क गच्च भरलीये, म्हणून म्हटलं सगळे फोटो आणि व्हिडिओ एकदाचे एक्स्टर्नल ड्राइव्हवर टाकून मोकळं व्हावं. साधारण ३०० जीबी. रात्री कॉपीला लावायचं, सकाळी उठून बघायचं, एवढा साधा प्लॅन. त्यात दोन दिवस गेले.

पहिली अडचण दहा मिनिटांतच आली. एक ६ जीबीचा व्हिडिओ, आणि विंडोज म्हणतंय फाइल फार मोठी आहे. अरे ड्राइव्हवर ७०० जीबी रिकामे आहेत की! मग प्रॉपर्टीज उघडल्यावर कळलं की दादाने कधीतरी टीव्हीला लावायची म्हणून ती फॅट३२ मध्ये (ड्राइव्हवर फाइल मांडून ठेवायची एक जुनी पद्धत) फॉरमॅट केली होती, आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, जागा कितीही असू दे. ड्राइव्हवर आधीचा डेटा होता म्हणून फॉरमॅट नको वाटलं, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये कन्व्हर्ट नावाची कमांड आहे, ती फॅट३२ चं एनटीएफएस (विंडोजची नेहमीची पद्धत) करून देते, डेटा तसाच ठेवून. (तरी महत्त्वाचं असेल ते आधी दुसरीकडे काढून ठेवा, मी ठेवलं होतं.) मॅकवरही वापरायची असेल तर मात्र एक्सफॅट (दोन्हीकडे चालणारी पद्धत) बरं, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण आपणहून त्यावर लिहीत नाही. पण एक्सफॅटसाठी फॉरमॅटच मारावा लागतो, कन्व्हर्टने होत नाही.

चला, झालं म्हटलं. परत कॉपी लावली. २० टक्क्यांवर ड्राइव्ह काढल्यावर येतो तो आवाज आला आणि ड्राइव्ह गायब. परत लावली, दिसली. परत कॉपी, यावेळी ७ टक्क्यांवर गायब. मग ३५ वर. इथे मी ठरवूनच टाकलं की ड्राइव्ह मेली, नवीन घ्यायला लागणार, आणि वैतागून झोपलो.

सकाळी डोकं जरा थंड झाल्यावर लक्षात आलं की अडकायची जागा दरवेळी वेगळी आहे. ड्राइव्हमध्ये खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा बिघडलेला तुकडा, असता तर साधारण त्याच त्याच ठिकाणी रडली असती ना. कुठेही अचानक तुटतंय म्हणजे संशय आधी वायर, पोर्ट, नाहीतर पॉवरवर. ही छोटी ड्राइव्ह वेगळा ॲडॅप्टर न लावता यूएसबीमधूनच वीज घेते, आणि मी ती लावली होती हबला, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीला, ज्याला माउस, कीबोर्ड आणि एक पेन ड्राइव्ह आधीच लटकलेले. यूएसबी २ चा पोर्ट नियमाने ५०० मिलीॲम्पिअर देतो, यूएसबी ३ चा ९००, आणि बिनॲडॅप्टरच्या हबमध्ये तेवढ्यातच सगळ्यांनी वाटून खायचं. हब काढला, थेट लॅपटॉपला लावली. सुधारलं, पण पूर्ण नाही.

मग स्पीडकडे बघितलं. सेकंदाला ३२ एमबीच्या वर काही केल्या जात नव्हता. यूएसबी ३ ची ड्राइव्ह सहज १०० च्या आसपास जायला पाहिजे, ३०-३५ म्हणजे ती यूएसबी २ सारखी चाललीये. ड्राइव्हच्या बाजूची ती रुंद, दोन भागांची पिन असते ना, तिचा छोटा भाग यूएसबी ३ चा असतो, तो सैल झाला की ड्राइव्ह गुपचूप यूएसबी २ वर येते आणि आपल्याला कोणी काही सांगत नाही. मी पिन बोटाने किंचित हलवली तर काय, ड्राइव्ह लगेच गेली! वायर बदलली. स्पीड ११०. मला स्वतःचीच लाज वाटली, पण आनंदही झाला.

आता रात्रीत होणार असं वाटलं तर एका फोल्डरवर नवीनच तक्रार, पाथ फार मोठा आहे. विंडोजमध्ये पूर्ण पाथला, म्हणजे सगळ्या फोल्डरांची नावं धरून फाइलचा जो पत्ता होतो त्याला, साधारण २६० अक्षरांची मर्यादा असते आणि माझे फोल्डर म्हणजे बॅकअपमध्ये जुना बॅकअप, त्यात डेस्कटॉप, त्यात परत बॅकअप. वर फाइलची नावं मराठीत. मराठीत काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं, म्हणजे 'श्री' हे आपल्याला एक अक्षर दिसतं पण कॉम्प्युटरला ती चार. बाहेरच्या दोन फोल्डरची नावं 'अ' आणि 'ब' ठेवली, प्रश्न मिटला.

आणि मग खरी गोष्ट. २०१६ च्या एका फोल्डरवर कॉपी थांबली. परत लावली, त्याच फोटोवर थांबली. तिसऱ्यांदा, तोच फोटो. एरर सायक्लिक रिडन्डन्सी चेकचा, म्हणजे वाचलेला डेटा तपासणीत जुळत नाही. आता दरवेळी तीच जागा, म्हणजे डिस्कच. मी कान लावला तर कट्-कट्-कट् आवाज येतोय, एक्स्टर्नल ड्राइव्हवर हात ठेवला तर ती शांत. आवाज लॅपटॉपमधून येत होता.

डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा प्रोग्रॅम उघडला. एक्स्टर्नल ड्राइव्ह निळी, गुड. लॅपटॉपची आतली डिस्क पिवळी, कॉशन, करंट पेंडिंग सेक्टरसमोर (नीट वाचता न येणारे, संशयित सेक्टर) १८, आणि तो आकडा हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत, असतो म्हणजे खरे २४. जिला मी दोन दिवस बोल लावत होतो ती धडधाकट आणि ज्याच्यावर सगळं आयुष्य ठेवलंय तोच आतून चाललाय!

अशा वेळी हात चेकडिस्ककडे, म्हणजे विंडोजच्या डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या कमांडकडे जातो, माझाही गेला होता. थांबलो, कारण खराब सेक्टर शोधायला लावलं की ते पूर्ण डिस्क घासून काढतं आणि आजारी डिस्कला तेवढं पुरतं. आधी निघेल तेवढं काढायचं, दुरुस्ती नंतर. त्यासाठी रोबोकॉपी ही कॉपी करायची कमांड वापरली, विंडोजमध्येच असते, एक फाइल अडली तरी पुढे जाते आणि लांब पाथचं तिला काही वाटत नाही. फक्त तिला रिट्राय आणि वेट दोन्ही १ सांगायला विसरू नका. न सांगितलं तर ती एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते, मध्ये ३० सेकंद थांबून, म्हणजे त्या एका फोटोपाशी जवळपास वर्षभर बसून राहिली असती.

साडेतीन तासांत झालं. दोन्हीकडच्या फाइल मोजल्या, तिकडे तीन कमी. दोन फोटो जुन्या मेलमध्ये अटॅचमेंट म्हणून सापडले. तिसरा चार वेळा प्रयत्न करून एका रिकव्हरी प्रोग्रॅमने काढला, त्यात वरच्या अर्ध्यात आई दिसते, हसताना, आणि खाली नुसता राखाडी पट्टा.